दुखणे जबड्याचे, संशय कानावर

कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे जावे, तर ते तपासून म्हणतात, ‘कान अगदी स्वच्छ आहे.’ दाढ दुखत असेल म्हणून दंतवैद्याकडे जावे, तर एक्सरेत दाढेला काहीच झालेले दिसत नाही. डोके दुखते म्हणून चष्म्याचा नंबर तपासून होतो, सायनसची औषधे घेऊन होतात. दुखणे मात्र तिथेच असते. सकाळी उठल्यावर गाल आणि कानशील जड वाटते. जांभई देताना कानाजवळ ‘कट्’ असा आवाज होतो. पोळीचा घास चावता चावता जबडा थकतो. असे दोन-चार महिने गेले की घरातली माणसेही म्हणू लागतात, ‘हिचे काहीतरी मनाचेच दिसते.’

अशा वेळी सहसा कोणाच्या लक्षात न येणारी एक जागा असते, ती म्हणजे कानाच्या अगदी पुढे असलेला जबड्याचा सांधा. गुडघा आणि कंबर यांबद्दल घरोघरी बोलले जाते, पण तोंडालाही सांधा असतो आणि तोही दुखू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकेतील दंतसंशोधन संस्थेच्या अंदाजानुसार शंभरातील पाच ते बारा लोकांना हा त्रास असतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये, आणि त्यातही वीस ते चाळीस या वयात, त्याचे प्रमाण जास्त आढळते. समाधानाची गोष्ट ही की बहुतेकांचे दुखणे साध्या उपायांनी आटोक्यात येते. मात्र ते ओळखले गेले पाहिजे आणि घाईघाईने दात काढणे, दात घासून घेणे असे प्रकार टाळले पाहिजेत.

हा सांधा कसा चालतो?

दोन्ही कानांच्या छिद्रांपुढे बोटे ठेवा आणि तोंड हळूहळू उघडून मिटा. बोटांखाली काहीतरी पुढे सरकून मागे येताना जाणवेल. ते खालच्या जबड्याचे गोलसर टोक होय. ते कानशिलाच्या हाडातील एका खोबणीत बसते. दोन्ही हाडे एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये एक मऊ, चिवट चकती असते.

तोंड थोडेसे उघडताना हे टोक दाराच्या बिजागरीसारखे जागीच फिरते. मोठा आ करताना ते चकतीसह खोबणीतून पुढे घसरते. फिरणे आणि सरकणे अशी दोन्ही कामे हा सांधा करतो. शिवाय डाव्या आणि उजव्या बाजूचे सांधे एकाच हाडाला जोडलेले असल्याने एक बिघडला की दुसऱ्यावरही ताण येतो. बोलणे, चावणे, गिळणे, जांभई देणे अशा कामांत त्याला दिवसभर विसावा नसतो.

चकती जागेवरून थोडी पुढे सरकली, तर तोंड उघडताना हाडाचे टोक तिच्यावर पुन्हा चढते आणि ‘कट्’ असा आवाज येतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर काळजीचे कारण नाही. असा आवाज पुष्कळ लोकांना असतो आणि त्यावर उपचाराची गरज नसते. कधी कधी मात्र चकती पुढे अडकून बसते. मग आवाज बंद होतो, पण तोंडही दोन बोटांपेक्षा जास्त उघडेनासे होते. हे झाल्यास डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

सर्वच दुखणी सांध्यातली नसतात. निम्म्याहून मोठा वाटा चावण्याच्या स्नायूंचा असतो. दात आवळले की गालावर जो स्नायू टणक लागतो तो, आणि कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला दुसरा, हे दोन्ही आखडले की गाल, डोके आणि कान यांत कळा येतात.

मग कान का दुखतो?

जबड्याच्या सांध्याला जी नस संवेदना पुरवते, तिचीच शाखा कानाच्या पुढच्या भागालाही जाते. त्यामुळे दुखणे सांध्यात असले तरी ते कानात आहे असे वाटते. कानात दडा बसल्यासारखे होणे, गुणगुण आवाज येणे, हेही पुष्कळांना जाणवते.

१९३४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी अशा रुग्णांविषयी एक लेख लिहिला आणि कानाच्या तक्रारींचा जबड्याशी संबंध जोडला. मागच्या दाढा गेल्यामुळे जबडा मागे सरकतो आणि म्हणून हे होते, असे त्यांचे मत होते. हे कारण पुढे टिकले नाही. पण त्यातून ‘चावा बरोबर केला की दुखणे जाईल’ ही समजूत रूढ झाली आणि पुढची अनेक वर्षे रुग्णांचे चांगले दात घासून, मापात बसवून उपचार केले गेले. दातांची ठेवण हे या दुखण्याचे मुख्य कारण नाही, असे आता बहुतेक तज्ज्ञ मानतात.

दुखणे कशाने लागते?

एकच एक कारण सापडेल असे नाही. बहुधा तीन-चार गोष्टी एकत्र येतात.

ताण आणि दात आवळणे : रागावलेला माणूस दातओठ खातो, असे आपण म्हणतो. संताप गिळताना, चिंता करताना, हिशेब तपासताना किंवा नुसते वाहन चालवतानाही पुष्कळ जण नकळत दात घट्ट मिटून बसतात. वास्तविक खाणे-गिळणे सोडले तर वरचे आणि खालचे दात एकमेकांना लागायचे काहीच कारण नसते. दिवसभरात ते लागण्याचा एकूण वेळ अर्धा तासही भरू नये. तोच काही तासांवर गेला तर स्नायू दुखणारच.

झोपेत दात खाणे : हे स्वतःला कळत नाही, शेजारी झोपलेल्याला ऐकू येते. सकाळी जबडा आखडलेला असणे, दातांची टोके सपाट होणे, गालाच्या आतल्या बाजूला दातांची पांढरी रेघ उमटणे, या त्याच्या खुणा आहेत.

सवयी : शिवताना दोरा दाताने तोडणे, दुधाची पिशवी दाताने फाडणे, केसाची पिन दाताने उघडणे, नखे किंवा पेन्सिल चावणे, तासन् तास च्युइंगम चघळणे, नेहमी एकाच बाजूने जेवणे, हनुवटी तळहातावर टेकून वाचणे, फोन मान आणि खांद्यामध्ये धरून बोलणे, मोबाइलकडे तासन् तास मान खाली घालून पाहणे. यातली एखादी सवय फारशी बाधत नाही, पण चार-पाच जमल्या की जबडा आणि मान दोन्ही आखडतात.

मार आणि ओढाताण : हनुवटीवर पडणे, तोंडावर फटका बसणे, दातांच्या उपचारासाठी बराच वेळ मोठा आ करून बसावे लागणे.

इतर आजार : संधिवातात हातापायांच्या सांध्यांप्रमाणे जबड्याचा सांधाही सुजू शकतो. ज्यांना मायग्रेन, मानदुखी, अपुरी झोप किंवा अंगभर दुखण्याचा त्रास आहे, त्यांच्यात जबडादुखीही जास्त आढळते.

म्हणजे ‘मनाचेच आहे’ हे म्हणणे चूक आहे. ताणामुळे वाढत असले तरी दुखणे खरेच असते.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

जबडा दुखतो म्हणजे सांधाच बिघडला असे गृहीत धरणेही धोक्याचे आहे. पुढील गोष्टी प्रत्येक कुटुंबाला माहीत असाव्यात.

* जिना चढताना, चालताना जबडा दुखू लागतो आणि थांबले की राहतो. किंवा जबड्याबरोबर छाती, हात, पाठ दुखते, घाम सुटतो, धाप लागते. हे हृदयविकाराचे लक्षण असू शकते. विशेषतः स्त्रियांमध्ये छातीत मोठी कळ न येताही असे होते. ताबडतोब रुग्णालय गाठावे.

* तोंड हळूहळू कमी उघडू लागले आहे, तिखट लागले की आग होते, गाल आतून पांढरट आणि ताठ झाले आहेत आणि सुपारी, गुटखा, मावा किंवा खर्रा खाण्याची सवय आहे. हा सांध्याचा आजार नव्हे. यात तोंडाच्या आतील त्वचा ताठर होत जाते आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण नुसती सुपारीही या आजाराला पुरेशी असते. तंबाखू नसलेली सुपारी निरुपद्रवी असते, हा समज सोडून द्यावा.

* पन्नाशीनंतर प्रथमच कानशिलाजवळ डोके दुखू लागले, केस विंचरताना तिथे दुखते, घास चावताना जबडा भरून येतो, दृष्टी अंधुक होते. रक्तवाहिनीला सूज येण्याचा एक आजार असा सुरू होतो. आपल्याकडे तो कमी आढळतो, पण वेळेवर औषध न मिळाल्यास डोळा जाऊ शकतो.

* तोंड धुताना, दात घासताना गालात विजेचा झटका बसावा तशी क्षणभर कळ येते. हे नसेचे दुखणे असते. त्याची औषधे वेगळी असतात. दाढ काढून ते थांबत नाही.

* जखम झाल्यानंतर काही दिवसांनी तोंड उघडेनासे होते. धनुर्वाताची सुरुवात अशी होऊ शकते.

* ताप, गालावर किंवा जबड्याखाली वाढती सूज, गिळायला त्रास. अक्कलदाढेतील किंवा इतरत्र पू झाल्याची ही खूण असू शकते.

जांभई देताना जबडा उघडा राहून मिटेचनासा झाला, तर तो निखळला असे समजावे. घरच्यांनी ओढाताण करू नये, रुग्णालयात न्यावे. जाणकार डॉक्टर दाढांवर अंगठ्यांनी दाब देऊन तो जागेवर बसवतात. ही कला जुनी आहे. निखळलेला जबडा शेकून, जागेवर बसवून पट्टीने बांधावा, असे सुश्रुतसंहितेतही सांगितलेले आहे.

घरच्या घरी काय करावे?

वरीलपैकी काही नसेल, तर पुढचे उपाय लगेच सुरू करता येतात. ते बिनखर्चाचे आहेत आणि खर्चिक उपचारांपेक्षा ते जास्त उपयोगी पडतात, असा अनुभव आहे.

१. दात सुटे ठेवा. ओठ मिटलेले, दातांमध्ये थोडे अंतर आणि जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला हलकेच टेकलेले, ही जबड्याच्या विश्रांतीची स्थिती होय. ‘न’ म्हणून जीभ तिथेच राहू द्या, म्हणजे जागा सापडेल. दिवसभरात हे विसरायला होते. म्हणून ओट्याजवळ, आरशावर, टेबलावर एकेक रंगीत ठिपका चिकटवा. ठिपका दिसला की दात आवळलेले नाहीत ना, ते पाहायचे.

२. काही आठवडे मऊ खा. मुगाची खिचडी, मऊ भात, उपमा, शिरा, दलिया, शिजवलेल्या भाज्या, आमटीत किंवा दुधात कुस्करलेली भाकरी चालेल. चिक्की, कडक लाडू, चकली, फुटाणे, सुपारी, मक्याचे कणीस नको. ऊस दातांनी सोलणे तर मुळीच नको. सफरचंद, पेरू बारीक फोडी करून खावेत. अख्खी पाणीपुरी एकदम तोंडात घालणे, मोठा वडापाव दाबून चावणे, हेही थोडे दिवस बंद. मात्र महिनोन् महिने नुसते पातळ खाऊन जबडा वापरायचाच नाही, असेही करू नये. दुखणे कमी होताच हळूहळू नेहमीच्या जेवणावर यावे.

३. शेक घ्या. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल गालावर आणि कानशिलावर दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा. नुकताच मार लागला असेल तर पहिले एक-दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा.

४. हलकी मालीश. गालावरच्या टणक स्नायूवर आणि कानशिलावर दोन बोटांनी गोल गोल, सोसेल इतक्याच दाबाने, एक-दोन मिनिटे.

५. व्यायाम. जीभ टाळूला टेकलेली ठेवून तोंड जेवढे उघडेल तेवढेच हळूहळू उघडा आणि मिटा. आरशात पाहा, हनुवटी एका बाजूला न जाता सरळ खाली यायला हवी. सहा वेळा करा आणि दिवसातून पाच-सहा वेळा असे करा. व्यायामाने दुखणे वाढले तर थांबा.

६. जांभईला आवर घाला. जांभई येताच हनुवटीखाली मूठ धरा, म्हणजे तोंड फार उघडणार नाही.

७. झोप आणि मान सांभाळा. पालथे झोपू नका. पाठीवर किंवा कुशीवर झोपा, उशी फार उंच नको. संध्याकाळनंतर चहा-कॉफी कमी करा. झोपण्यापूर्वी दहा मिनिटे दीर्घ श्वसन किंवा शवासन केल्यास दात आवळणे कमी व्हायला मदत होते.

वेदनाशामक गोळी फार दुखत असेल तेव्हा काही दिवस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. औषधांच्या दुकानातून आणून महिनोन् महिने घेतली तर पोट आणि मूत्रपिंड यांना अपाय होतो. कानात गरम तेल घालण्याचा उपाय तर करूच नये. दुखणे कानात नसतेच, आणि पडद्याला छिद्र असेल तर नवे संकट ओढवते.

डॉक्टरांकडे केव्हा आणि कोणाकडे?

दोन-तीन आठवडे हे करूनही फरक पडला नाही, तोंड कमी उघडू लागले किंवा दुखण्याने झोप मोडू लागली, तर दाखवावे. तोंड किती उघडते ते घरीच पाहता येते. आपल्या हाताची मधली तीन बोटे एकावर एक अशी उभी पुढच्या दातांमध्ये सहज बसायला हवीत.

आधी दंतवैद्याकडे जाऊन दातांत बिघाड नाही याची खात्री करावी. पुढे गरज पडल्यास मुख व जबड्याच्या शल्यचिकित्सकाचा सल्ला घ्यावा. शासकीय दंत महाविद्यालयांत हे विभाग असतात आणि खर्चही बेताचा होतो. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना इंदूर आणि हैदराबादची शासकीय दंत महाविद्यालये, दिल्लीची मौलाना आझाद दंत विज्ञान संस्था यांचा आधार घेता येईल.

जाताना एका कागदावर लिहून न्या : दुखणे केव्हा सुरू झाले, दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त असते, काय केल्याने वाढते, कोणती औषधे घेऊन झाली. निम्मे निदान यातूनच होते. प्रत्येकाला एमआरआयची गरज नसते.

घाई नडते

२०२३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने तीन महिन्यांहून जुन्या जबडादुखीसाठी जगभरच्या चाचण्या तपासून मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिने कशाची शिफारस केली? जबड्याचे आणि मानेचे देखरेखीखाली व्यायाम, फिजिओथेरपिस्टच्या हातून स्नायू आणि सांधा मोकळा करून घेणे, ताण आणि वेदना यांच्याशी जुळवून घ्यायला शिकवणारे समुपदेशन, आणि रुग्णाला आजार नीट समजावून देऊन धीर देणे. रात्री दातांवर बसवायच्या पट्टीचा क्रमांकही यानंतर लागतो. झोपेत दात खाणाऱ्यांच्या दातांची झीज वाचवायला ती उपयोगी पडते, पण दुखणे तिने जाईलच असे नाही. घ्यायचीच तर दंतवैद्याने माप घेऊन बनवलेली घ्यावी. चावा कायमचा बदलून टाकणाऱ्या पट्ट्या आणि चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया यांच्या विरोधात मात्र ही मार्गदर्शिका ठाम आहे.

घाईचे काय परिणाम होतात, ते अमेरिकेने अनुभवले आहे. १९८० च्या दशकात तिथे अनेक रुग्णांची चकती काढून तिच्या जागी टेफ्लॉनयुक्त कृत्रिम चकती बसवण्यात आली. ती झिजून तिचे कण आसपासचे हाड खाऊ लागले. १९९० च्या सुमारास तिथल्या औषध प्रशासनाने इशारा देऊन त्यांचा वापर थांबवला. तोवर अनेकांची दुखणी कायमची झाली होती.

शस्त्रक्रियेची गरज लागतच नाही असे नाही. सांधा जखडून गेला असेल, हाड मोडले असेल, गाठ असेल, तर ती करावीच लागते. परंतु केवळ दुखते म्हणून दात घासणे, चांगल्या दाढा काढणे, सगळ्या दातांना तारा किंवा टोप्या बसवणे, असा सल्ला मिळाला तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्यावे. जे केल्यावर पूर्ववत करता येत नाही, ते सर्वांत शेवटी. डॉक्टरांनी नैराश्यावरचे एखादे औषध अगदी कमी मात्रेत दिले, तर मात्र गैरसमज करून घेऊ नये. जुन्या वेदना शमवण्यासाठीही ती औषधे वापरतात.

मुलांच्या बाबतीत

लहान मूल झोपेत दात खाते म्हणजे पोटात जंत झाले, असे घरोघरी म्हणतात. जंतांचे औषध इतर कारणांसाठी जरूर द्यावे, पण दात खाण्याचे कारण बहुधा तेच नसते. बहुतेक मुलांची ही सवय वयाबरोबर जाते.

याउलट ज्याकडे लक्ष जायला हवे तिकडे ते जात नाही. मूल सायकलवरून किंवा पायरीवरून हनुवटीवर पडते, हनुवटीला टाके पडतात आणि प्रकरण मिटले असे वाटते. पण हनुवटीला बसलेला धक्का थेट कानापुढच्या सांध्यापर्यंत पोहोचतो आणि तिथले हाड मोडू शकते. ते लक्षात आले नाही तर काही महिन्यांत सांधा जखडतो, तोंड उघडेनासे होते आणि वाढत्या वयात हनुवटी मागे राहून चेहरा वाकडा होतो. कान फुटून पू वाहत राहिल्यानेही कधी असे होते. म्हणून हनुवटीवर पडलेल्या मुलाचे टाके घालतानाच जबडाही तपासून घ्यावा. पुढचे काही आठवडे तोंड पूर्वीसारखे उघडते ना, याकडे आईवडिलांनी लक्ष ठेवावे.

घरच्यांची साथ

जबड्याचे दुखणे दिसत नाही. पायाला प्लॅस्टर असले की चार माणसे विचारपूस करतात. इथे मात्र बाई जेवायला वेळ लावते, बोलायचे टाळते, लग्नकार्यात घास बाजूला सारते, आणि लोकांना ते नखरे वाटतात. घरच्यांनी एवढे केले तरी पुष्कळ आहे : काही दिवस स्वयंपाक मऊ असू द्यावा, रात्री दात खाण्याचा आवाज आला तर सकाळी न चिडवता सांगावे, आणि दुखते म्हटल्यावर विश्वास ठेवावा.

हे दुखणे कधी कमी तर कधी जास्त असे चालते. परीक्षा, आजारपण, घरातले लग्न अशा दिवसांत ते पुन्हा डोके वर काढते. तसे झाले म्हणजे सगळे फुकट गेले असे समजू नये. पुन्हा मऊ जेवण, शेक, व्यायाम आणि दात सुटे ठेवण्याची आठवण सुरू करावी. दुखणे ओळखीचे झाले की त्याची भीती कमी होते, आणि भीती कमी झाली की दात आवळणेही आपोआप कमी होते.